‘डिजिटल ब्लीक अँड लॉइड’: खाम भाषेच्या वह्या घरबसल्या वाचताना

केप टाउन विद्यापीठाचा ‘डिजिटल ब्लीक अँड लॉइड’ हा ऑनलाइन संग्रह पूर्ण मोफत आहे. खातं उघडावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांकडून (जुन्या पुस्तकांत यांनाच ‘बुशमन’ म्हटलं आहे) ऐकून लिहिलेल्या वह्यांची १२,०००हून अधिक पानं त्यावर एकेक करून पाहता येतात. त्यातला बहुतांश मजकूर खाम भाषेतला आहे आणि ही भाषा बोलणारं आज कोणीही उरलेलं नाही. आमचं मत आधीच सांगतो. या वह्या पाहायच्या असतील तर याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण ‘क्लिक (जीभ किंवा ओठ झटकून काढलेलं व्यंजन) असलेली भाषा समजून घ्यायची’ म्हणून इथे आलात, तर एकट्या या साइटवर भागणार नाही. जोडीला दोन जुनी पुस्तकं, एक योग्य फाँट आणि आवाजासाठी वेगळं संग्रहालय लागेल. हे सगळं मोफत मिळतं; कशानंतर काय उघडायचं एवढं माहीत हवं.

आधी ही भाषा कुठल्या घरातली ते पाहू, कारण साइटवर याचं मार्गदर्शन तोकडं आहे. ‘खोइसान’ हे नाव १९२८ मध्ये लेओनहार्ट शुल्त्झे यांनी खोइखोइ आणि सान लोकांना मिळून पुढे आणलं आणि नंतर ते भाषांनाही चिकटलं. बऱ्याच लेखांत अजून ‘खोइसान भाषाकुळ’ असं छापतात, पण आज अभ्यासक ते एक कुळ मानत नाहीत. दक्षिणेकडे तीन वेगवेगळी कुळं आहेत: खोए, क्खा आणि तुऊ. खाम तुऊ कुळातली. या कुळाच्या दोन शाखा आहेत. उई शाखेत खाम आणि नुऊ येतात. दुसऱ्या शाखेतली ता ही भाषा बोत्स्वाना आणि नामिबियात काही हजार लोक बोलतात. खाम संपली आहे. नुऊ अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या अपिंग्टनच्या काट्रिना एसाऊ यांचं नाव घेतलं जातं. त्यांचा जन्म १९३३चा, आणि त्या आपल्या घराच्या आवारात मुलांना भाषा शिकवत आल्या आहेत. म्हणजे कुळ मुळात छोटं, आणि त्यात खरोखर बोलती म्हणावी अशी एकटी ता. खामच्या या वह्यांचं मोल त्यामुळे फार मोठं आहे. संपूर्ण उई शाखेतला सर्वांत मोठा मजकूर याच वह्यांत आहे.

(इथे नावं देवनागरीत लिहिताना क्लिकची चिन्हं गाळली आहेत. ‘काब्बो’, ‘खाम’, ‘नुऊ’ या सगळ्यांत प्रत्यक्षात क्लिक आहे.)

वह्या उघडण्याआधी पाच क्लिक ओळखून घ्या, नाहीतर पानावर फक्त रेघाच दिसतील. एक उभी रेघ म्हणजे दंत्य क्लिक. हळहळताना आपण ‘च्च’ करतो तोच हा आवाज. दोन उभ्या रेघा म्हणजे पार्श्विक क्लिक. जनावर हाकताना गालाच्या बाजूने हवा ओढून जो आवाज काढतात तो. उद्गारचिन्हासारखं चिन्ह म्हणजे जिभेचं टोक दातांच्या मागच्या उंचवट्याच्या वर लावून खाली आपटल्यावर येणारा मोठा, पोकळ ‘टॉक’. उभ्या रेघेला दोन आडव्या रेघांनी छेदलं असेल तर ती तालव्य क्लिक. यात जिभेचा पसरट भाग टाळूला चिकटवून झटकन सोडायचा. आवाज चपटा आणि तीक्ष्ण येतो. आणि वर्तुळात टिंब म्हणजे ओठांची क्लिक. तुऊ कुळ आणि बोत्स्वानातली आम्कोए सोडली तर आफ्रिकेत ही भाषेतला वर्ण म्हणून कुठेही नाही. सगळे तिला ‘मुक्याचा आवाज’ म्हणतात, पण मुका घेताना करतो तसा ओठांचा चंबू करू नका. ‘म’ म्हणताना ओठ जसे सपाट मिटतात तसे मिटून सोडायचे.

मराठी माणसाला हे पाचही आवाज सुटे काढता येतात. अडतं ते शब्दात बसवताना. क्लिक काढताना तोंडात दोन जागा बंद असतात: एक पुढे आणि एक मागे, साधारण ‘क’च्या जागी. मधल्या पोकळीत जीभ खाली ओढली की हवा विरळ होते, आणि पुढची जागा उघडताच बाहेरची हवा आत घुसते. मागची जागा त्याच क्षणी सुटली पाहिजे आणि लगेच स्वर लागला पाहिजे. बहुतेकांचा ‘च्च’ होतो, मग क्षणभर थांबणं होतं, आणि मग ‘आ’ येतो. हे दोन तुकडे झाले, एक अक्षर झालं नाही. उपाय सोपा आहे. आधी ‘का’ म्हणायच्या तयारीत जिभेचा मागचा भाग वर चिकटवा, तो तसाच ठेवून पुढे क्लिक करा आणि ‘का’ सोडा. ‘का’च्या जागी ‘गा’, ‘खा’ किंवा नाकातला ‘ङा’ घेतला की प्रत्येक क्लिकचे वेगळे प्रकार तयार होतात. या भाषांतल्या वर्णांचे आकडे असे फुगतात. नुऊचे एकूण ११४ ध्वनी मोजले गेले आहेत: ४५ क्लिक, ३० इतर व्यंजनं आणि ३९ स्वर.

आता वह्यांकडे. विल्हेल्म ब्लीक हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ केप टाउनला तिथले माजी गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे यांच्या ग्रंथसंग्रहाचं काम पाहत होते. १८७० पासून त्यांनी आणि त्यांची मेहुणी लुसी लॉइड यांनी मोब्रे इथल्या घरी खाम बोलणाऱ्यांकडून ऐकून लिहायला सुरुवात केली. सुरुवातीचे सांगणारे ब्रेकवॉटर तुरुंगातले कैदी होते. आधी आकुंता आले, मग फेब्रुवारी १८७१ मध्ये काब्बो, नंतर दिआक्वाइन, त्यांची बहीण क्वाइतेन-ता-केन, आणि १८७८ मध्ये काब्बोंचे जावई हानकास्सो. ब्लीक ऑगस्ट १८७५ मध्ये वारले. बहुसंख्य पानं लॉइडबाईंच्या हातची आहेत आणि ब्लीक गेल्यावरही त्यांनी काम सोडलं नाही. ‘ब्लीक संग्रह’ असं नुसतं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. साइटने दोन्ही नावं घेतली हे योग्य केलं. काब्बो शिक्षा संपल्यावरही ऑक्टोबर १८७३ पर्यंत राहिले. आपल्या लोकांच्या गोष्टी पुस्तकातून इतरांपर्यंत पोचतील याचं त्यांना समाधान होतं, असं लॉइड यांनीच नोंदवलं आहे. वह्या १९९७ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत गेल्या.

साइटची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे पानं आहेत तशी दिसतात. आणि ही पानं ‘आहेत तशी’ पाहणं फार गरजेचं आहे, कारण लॉइड यांच्या वहीची मांडणीच अर्थाचा भाग आहे. उजव्या पानावर दोन रकाने असतात, एकात खाम आणि शेजारी ओळीला ओळ लावून इंग्रजी. डावं पान त्या मुद्दाम मोकळं ठेवत. सांगणाऱ्याने नंतर केलेला खुलासा, प्राण्याची सवय, एखाद्या चालीरीतीचं कारण, शब्दाचं दुसरं रूप हे सगळं तिथे जाई. छापील पुस्तकांत या टिपा तळटीप होतात किंवा गळतात. साइटवर उजवं पान वाचून पुढे सरकलात तर निम्मा माल मागे राहतो. प्रत्येक उजव्या पानानंतर त्याच्या समोरचं डावं पान उघडायची सवय लावा. आपल्याकडे निहाली किंवा कोरकू बोलणाऱ्यांकडून ऐकून टिपणाऱ्यांनी तर ही वहीची पद्धत नीट पाहावीच. खुलाशाला स्वतंत्र पान राखून ठेवल्याने मूळ बोलणं न तोडता लिहिता येतं, ही सोय साधी आहे आणि फार थोडे लोक करतात.

संदर्भ-क्रमांक एकदा उलगडला की संग्रहात हरवायला होत नाही. क्रमांकाची सुरुवात लिहिणाऱ्याच्या आडनावाच्या आद्याक्षराने होते: ‘एल’ म्हणजे लॉइड, ‘बी’ म्हणजे ब्लीक. लॉइड यांच्या वह्यांत त्यानंतरचा रोमन आकडा सांगणाऱ्या व्यक्तीचा. दोन म्हणजे काब्बो, पाच म्हणजे दिआक्वाइन, सहा म्हणजे क्वाइतेन-ता-केन, आठ म्हणजे हानकास्सो. मग त्या व्यक्तीच्या मालिकेतली वही कितवी तो आकडा, आणि शेवटी पान. पानाच्या आकड्याशेजारी वर छोटी तिरपी खूण किंवा ‘रेव्ह’ असं असेल तर ते समोरचं डावं पान. संशोधनलेखांत सगळीकडे हेच क्रमांक येतात. लेखातला क्रमांक घेऊन थेट पानावर जाता येतं आणि लेखकाने उतारा कुठे कापला तेही तपासता येतं. हे करून पाहाच. खामच्या कथांचे सुटसुटीत, गोळीबंद अनुवाद बाजारात पुष्कळ आहेत, आणि मूळ पान समोर ठेवलं की किती पुनरुक्ती, किती थांबे आणि किती ‘मग तो म्हणाला’ कापले गेले ते कळतं. सांगणाऱ्याची लय त्या पुनरुक्तीतच आहे.

एक अडचण इथे येते आणि नवखे तिथेच वैतागतात. कथा एका वहीत सुरू होऊन तिथेच संपेल असं नाही. काही दिवस एक कथा, मध्येच दुसरी, पुन्हा पहिली, असं चाललेलं असतं. काही कथा दोन-तीन वह्यांत पसरल्या आहेत. म्हणून वहीप्रमाणे पानं उलटत बसू नका. कथेच्या यादीतून आत शिरा. प्रत्येक कथेच्या नोंदीत शीर्षक, सांगणाऱ्याचं नाव, थोडक्यात सारांश, विषयसूचक शब्द आणि संबंधित पानं दिली आहेत. सारांश नेटके आहेत आणि कथेचा तुकडा कुठे आहे ते शोधायला पुरेसे आहेत. पण सारांश म्हणजे कथा नव्हे. तो वाचून कोणी खाम कथांवर मत बनवू नये.

शोधखिडकीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण या साइटची सर्वांत मोठी मर्यादा तिथे आहे. शोध चालतो तो इंग्रजी शीर्षकं, सारांश आणि सूचक शब्दांवर. हस्तलिखितातला खाम मजकूर शोधता येत नाही. खाम शब्द टाकून ‘काही सापडलं नाही’ असं आलं, तर तो शब्द वह्यांत नाही असा अर्थ काढू नका. तो शेकडो वेळा असू शकेल. यामागे आळस नाही, कारण खरोखर अवघड आहे. खामच्या लेखनात एका अक्षरावर वर आणि खाली अशा दोन्हीकडे खुणा येतात. नाकातल्या स्वराला एक, घशातून दाबून काढलेल्या स्वराला दुसरी, लांबीला तिसरी, आणि त्या एकमेकींवर चढतात. अशा काही जोड्यांना संगणकाच्या वर्णसंचात तयार जागाच नाही. त्यात एकच शब्द १८७१च्या वहीत एका पद्धतीने आणि पुढच्या वह्यांत दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला आढळतो, कारण ब्लीक आणि लॉइड लिहिता लिहिता शिकत होते. विद्यापीठाच्याच संगणकशास्त्र विभागात हे हस्ताक्षर यंत्राकडून वाचून घेण्याचे आणि लोकांच्या मदतीने उतरवून घेण्याचेही प्रयोग झाले आहेत. अडचण दर वेळी या चढलेल्या खुणांपाशी येते.

मग शोधायचं कसं? इंग्रजी शब्दाचे दोन-तीन पर्याय टाका. पावसाबद्दल हवं असेल तर ‘रेन’ आणि ‘वॉटर’ दोन्ही, कारण खाममध्ये दोन्हींसाठी एकच शब्द आहे आणि अनुवादात तो कधी असा, कधी तसा उतरतो. प्राणी शोधताना सामान्य नावापेक्षा नेमकं नाव द्या: ‘अँटिलोप’ टाकण्यापेक्षा ‘इलंड’, ‘हार्टबीस्ट’, ‘स्प्रिंगबॉक’. ‘मँटिस’ टाकलं की काग्गेन या प्रमुख पात्राच्या कथांची रांगच लागते. जुनं इंग्रजी डोक्यात ठेवा. आज वापरत नाही असे शब्द अनुवादात आहेत, आणि त्या काळी सर्रास चालणारे पण आज अपमानकारक वाटणारे शब्दही आहेत.

टंकलेखनाची भानगड वेगळी. क्लिकच्या चार चिन्हांना युनिकोडमध्ये सलग चार स्वतंत्र जागा आहेत आणि ओठांच्या क्लिकची पाचवी जागा दुसरीकडे आहे. लोक मात्र कळफलकावरचं उद्गारचिन्ह आणि उभी दांडी वापरतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. खरं क्लिकचिन्ह अक्षर मानलं जातं, उद्गारचिन्ह विरामचिन्ह मानलं जातं. परिणाम असे: शब्द निवडायला दोनदा टिचकी मारली की अर्धाच निवडला जातो, ओळ नको तिथे तुटते, उद्गारचिन्हानंतरचं अक्षर काही प्रणाली आपोआप मोठं करतात, आणि शोधयंत्र चिन्ह गाळून टाकतं. तुमच्या टिपणांत पहिल्यापासून खरी चिन्हं वापरा. नंतर बदलणं म्हणजे शेकडो नोंदी हाताने सुधारणं. विंडोजवर फाइलच्या नावात उभी दांडी चालत नाही, म्हणून उतरवलेल्या प्रतिमांना सांगणाऱ्याचं नाव देण्याऐवजी वहीचा क्रमांक द्या. चिन्हाच्या जागी चौकोन दिसत असेल तर दोष साइटचा नाही. बहुतेक देवनागरी फाँटांत ही चिन्हं नसतात. एसआयएल संस्थेचे चारिस, दौलोस किंवा जेंटियम हे मोफत फाँट बसवा. वर-खाली चढलेल्या खुणाही त्यांत नीट बसतात, इतर फाँटांत त्या बाजूला घसरतात.

कोशाच्या चिठ्ठ्यांचा विभाग आम्हाला सगळ्यात आवडला, आणि बहुतेक वाचक तिथे फिरकत नसावेत. ब्लीक आणि लॉइड यांनी पाकिटावर इंग्रजी शब्द लिहून आत खाम शब्दांच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. त्या पाकिटांच्या आणि चिठ्ठ्यांच्या प्रतिमा पाहता येतात. वहीत शोध चालत नाही त्याची थोडी भरपाई इथे होते: इंग्रजी शब्द घ्या, पाकीट उघडा, चिठ्ठीवरचं हस्ताक्षर लक्षात ठेवा, आणि मग वहीच्या पानावर तोच आकार डोळ्यांनी शोधा. वेळ लागतो. पण ही युक्ती काम करते, आणि लॉइड यांचं हस्ताक्षर ओळखीचं होत गेलं की वेग येतो.

याला पूरक म्हणून डोरोथिया ब्लीक यांचा १९५६ मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीने काढलेला कोश हाताशी हवाच. डोरोथिया ही विल्हेल्म यांची मुलगी. कोश त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी आला. स्कॅन प्रत इंटरनेट अर्काइव्हवर मिळते. वापरताना एक खबरदारी घ्या. हा एका भाषेचा कोश नाही. एकाच नोंदीत अनेक भाषांचे शब्द एकत्र येतात आणि प्रत्येकापुढे सांकेतिक खूण असते: ‘एस’ म्हणजे दक्षिणेकडच्या, ‘एन’ उत्तरेकडच्या, ‘सी’ मधल्या, आणि पुढे रोमन आकडा. खामची खूण ‘एस’ एक. आकडा न पाहता शब्द उचलला तर वेगळ्याच कुळातला शब्द खाम म्हणून खपवला जाईल. इंटरनेटवर फिरणाऱ्या ‘बुशमन शब्दसूची’ बहुतांशी अशाच तयार झाल्या आहेत.

हीच चूक साइटवरही होऊ शकते. संग्रहाचं नाव एक असलं तरी सगळी पानं खामची नाहीत. १८७९ पासून लॉइड यांच्याकडे उत्तर नामिबियाकडची चार मुलं राहिली: नान्नी, तामे, उमा आणि दा. त्यांची भाषा खुन, म्हणजे क्खा कुळातली. त्यांनी काढलेली चित्रं सुरेख आहेत आणि साइटवर ती स्वतंत्र पाहता येतात. पण ती पाहून ‘खाम लोक असं चित्र काढत’ असं म्हणणं चुकीचं ठरेल. लॉइड यांनी कोराना भाषेच्याही नोंदी केल्या, ती तिसऱ्याच, खोए कुळातली. म्हणजे एकाच संग्रहात तिन्ही कुळं आहेत. साइटने प्रत्येक कथेच्या नोंदीवर भाषेचं आणि कुळाचं नाव ठळक दिलं असतं तर अर्धे गोंधळ मिटले असते. हा बदल फार खर्चाचाही नाही, आणि तो व्हावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

नवख्या वाचकाने सुरुवात लांब कथेने करू नये. आमची शिफारस दिआक्वाइन यांच्या ‘द ब्रोकन स्ट्रिंग’ या छोट्या विलापगीतापासून. त्यांनी ते जुलै १८७५ मध्ये सांगितलं. मूळ त्यांच्या वडिलांचं, पाऊस आणणारा मित्र गेल्यावरचं. मजकूर इतका थोडका आहे की एका बैठकीत प्रत्येक शब्द चिठ्ठ्यांशी आणि कोशाशी पडताळता येतो. क्रम असा ठेवा. आधी लॉइड यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘स्पेसिमेन्स ऑफ बुशमन फोकलोअर’ या पुस्तकात तो काढा. पुस्तक मुक्त आहे आणि त्यात खाम व इंग्रजी समोरासमोर छापलं आहे. छापील खाम मजकूर कागदावर उतरवून घ्या आणि प्रत्येक क्लिकचिन्हाला वेगळ्या रंगाने खूण करा. मग साइटवर पाचव्या मालिकेत त्याच कथेची नोंद उघडून हस्तलिखित पान शेजारी ठेवा. छापील अक्षरं ओळखून हस्ताक्षर वाचायला शिकायचं, हा सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग. उलट दिशेने, म्हणजे थेट वहीपासून सुरू केलं की पहिल्या पानावरच दंत्य आणि पार्श्विक क्लिकच्या रेघांत गल्लत होते: घाईत लिहिलेल्या दोन रेघा चिकटून एक दिसतात.

त्यानंतर काब्बोंचं घरी परतण्याबद्दलचं निवेदन घ्या. तेही १९११च्या पुस्तकात आहे. ते लांब आहे, पण वाक्यं पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या पानापासून डोळ्यांना शब्द ओळखू येऊ लागतात. त्यांचं गाव बिटरपिट्स, आजच्या नॉर्दर्न केप प्रांतात. दिआक्वाइन काटकोप टेकड्यांकडचे. नकाशा उघडून ठेवा, कारण शिकार, पाणी आणि वाऱ्याच्या दिशा यांचे उल्लेख जागेशी बांधलेले आहेत आणि त्या कोरड्या पठाराची कल्पना नसेल तर पाणवठ्यांच्या नावांची यादी निरर्थक वाटते. पुढच्या वह्यांत काही ठिकाणी इंग्रजी रकाना अपुरा किंवा कोरा दिसेल. पान अर्धवट स्कॅन झालेलं नाही. अनुवाद करायचा राहून गेला आहे. अशा पानांकडे पहिल्या काही आठवड्यांत जाऊ नका.

आवाज या संग्रहात नाही, आणि हे साइटवर जाण्याआधी माहीत असलेलं बरं. ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या वेळी ध्वनिमुद्रित झालेल्या मराठीच्या शंभर वर्षांपूर्वीच्या तबकड्या आज शिकागो विद्यापीठाच्या साइटवर ऐकता येतात. खामच्या वाट्याला या वह्यांत शाईच आली. म्हणून कानासाठी नात्यातल्या भाषांकडे जावं लागतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या ध्वनिशास्त्र प्रयोगशाळेच्या मोफत संग्रहात ता भाषेचं मुद्रण आहे. त्यात पाचही क्लिक सुट्या शब्दांत ऐकायला मिळतात. नुऊसाठी एलार या लुप्तप्राय भाषांच्या संग्रहात ध्वनी आणि मजकूर आहे. तिथे मात्र नोंदणी लागते आणि प्रत्येक फाइल सर्वांना खुली असेलच असं नाही. नुऊ, आफ्रिकान्स आणि इंग्रजी अशा तीन भाषांतलं, काट्रिना एसाऊ यांच्या सोबत तयार झालेलं २०१६चं वाचनपुस्तक लिपी समजून घ्यायला फार उपयोगी आहे, कारण त्यातली वर्णमाला आजची आणि सुसंगत आहे. पण नुऊचा उच्चार ऐकून तो जसाच्या तसा खामवर चढवू नका. एका शाखेच्या असल्या तरी त्या दोन भाषा आहेत.

छायाचित्रांबद्दल एक विनंती. या काळातल्या छायाचित्रांत तुरुंगात कैद्यांची मापं घेण्यासाठी, कपडे उतरवून काढलेली छायाचित्रंही आहेत. ब्लीक यांनी ती १८७१च्या सुमारास इंग्लंडमधले जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ली यांच्या मागणीवरून काढून घेतली. ज्यांची ती आहेत त्यांना ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. काब्बो किंवा दिआक्वाइन यांच्यावर मराठीत काही लिहिणार असाल तर त्यांची कपड्यांतली व्यक्तिचित्रं उपलब्ध आहेत, ती वापरा. आणि त्यांचं नाव द्या. ‘एक बुशमन’ असं लिहून चालणार नाही, कारण या संग्रहाचं वेगळेपणच हे की प्रत्येक ओळ कोणी सांगितली ते नावानिशी ठाऊक आहे. दक्षिण आफ्रिकेने २००० साली स्वीकारलेल्या राजचिन्हावरचं बोधवाक्य खाम भाषेतच आहे, आणि ते रचायला अभ्यासकांना या वह्यांच्याच परंपरेचा आधार घ्यावा लागला.

तांत्रिक बाजूने साइट जुन्या वळणाची आहे, आणि हा तिचा गुण आहे. मूळ रचना डेटाबेसशिवाय, साध्या स्थिर पानांची केली होती. २००७ मध्ये पिप्पा स्कॉटनेस यांनी संपादित केलेल्या पुस्तकासोबत हाच संग्रह डीव्हीडीवर दिला गेला आणि तो इंटरनेटशिवाय चालत असे. त्यामुळे मंद जोडणीवरही पानं उघडतात. मोबाइलवर मात्र नको. पान मोठं केलं की दोन रकाने एकत्र मावत नाहीत, आणि रकान्यांची जोडी तुटली की कुठली इंग्रजी ओळ कुठल्या खाम ओळीची ते कळेनासं होतं. किमान चौदा इंची पडदा घ्या. प्रतिमा उघडून शंभर टक्के आकारात पाहा. छोट्या आकारात स्वराखालच्या खुणा कागदाच्या डागांसारख्या दिसतात आणि सुटतात. पार्श्वभूमी पिवळट आहे. छापायचं असेल तर करड्या रंगात छापा, नाहीतर शाई वाया जाते आणि फिकट पेन्सिलीच्या टिपा दिसेनाशा होतात.

साइटचा पत्ता मागे एकदा बदलला आहे, म्हणून जुन्या लेखांतले दुवे तुटलेले सापडतात. दुवा चालला नाही तर त्यातला वहीचा क्रमांक उचला आणि नव्या साइटवर त्या मालिकेत जा. क्रमांक बदललेले नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये टेबल माउंटनवरचा वणवा विद्यापीठात शिरला आणि जॅगर ग्रंथालयाचं वाचनदालन जळालं. ज्या कथेवर काम करता तिची सगळी पानं, डावी आणि उजवी, क्रमांकानिशी स्वतःकडे उतरवून ठेवा, आणि कुठल्या तारखेला उतरवली तेही लिहा. पुढे कोणी नवा स्कॅन टाकला तर दोन्ही शेजारी ठेवून तपासता येईल.